विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही दोघी ठीक आहोत. आईचा गुडघा अधूनमधून रुसतो, पण जिभेला काही झालेलं नाही, त्यामुळे घरात शांतता आहे असं म्हणवत नाही. वहिनीला नवी शाळा आवडली का? बदलीच्या गावात मनासारखं घर मिळालं का? तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी 'ड्युटीवर आहे' म्हणून ठेवतोस, म्हणून पत्र लिहायला बसले. शिवाय फोनवर आपण बोलायला लागलो की आधी तू चढतोस आणि मग मी. पत्रात निदान एका वेळी एकच माणूस ओरडतो.

माझी तब्येत बरी आहे. दाढ जरा ठणकतेय आणि डावा गाल सुजलाय, म्हणून आज ऑफिसातून लवकर आले. काळजी करण्यासारखं काही नाही.

आई विचारत होती, तू अजून बिनसाखरेचाच चहा पितोस का. मी म्हटलं, पीत असणारच. आपल्या घरात साखर आणतात ती पाहुण्यांसाठी.

तुला लाँड्रीची केस आठवत असेल. तुझ्या आधीच्या ठाण्यातली. तपास तुझ्या त्या ढेरपोट्या सहकाऱ्यानं केला होता आणि कागदांवर तुझं नाव कुठंच नव्हतं, म्हणूनच सरकारी वकील म्हणून ती माझ्याकडे आली तेव्हा मी बिनदिक्कत घेतली. तुला सगळी माहीत आहे, तरी पुन्हा सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं माझ्या हातून लिहून होणार नाही.

हॉस्पिटलच्या चादरी धुणारी ती लाँड्री. वाफेच्या मोठ्या प्रेसवर काम करणारी बाई, तिला आम्ही ऑफिसात प्रेसवालीच म्हणतो. चादरींची व्हॅन चालवणारा तिच्या मागे लागला होता. कधी वाट अडवायची, कधी गठ्ठा देताना अंगाला हात लावायचा. तिनं मालकाकडे लेखी तक्रार केली आणि मालकानं त्याला काढून टाकलं. मग एका संध्याकाळी बाकीच्या बायका कपडे बदलून बाहेर पडल्या, ही शेवटचा गठ्ठा संपवत होती, आणि कुणीतरी दिवे घालवले. मागून तिच्या डोक्यात लोखंडी गज बसला. मागच्या दाराला आडवा लावायचा असतो, तोच. ती कोसळली, रक्त डोळ्यांत उतरलं, काही दिसेना. त्यानं तिला केसांना धरून उठवलं, तिचा उजवा हात तापलेल्या प्रेसवर ठेवला आणि वरचं झाकण खाली ओढलं. ओढून धरून ठेवलं. त्या प्रेसमध्ये ओली चादर घातली की कडक कोरडी होऊन बाहेर येते, इतका वेळ.

तो हात मी पाहिला आहे. बोटं आता वेगळी राहिलेली नाहीत. नखं नाहीत. ती तो ओढणीखाली ठेवते आणि बोलताना विसरून बाहेर काढते.

तिनं चेहरा पाहिला नव्हता, आवाज ऐकला होता. 'आता लिही तक्रार, याच हातानं लिही.' नुसत्या आवाजावर खटला उभा राहतो, पण लंगडत. मग तुमच्या ठाण्यानं व्हॅनवाल्याला उचललं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं स्वतः नेऊन दाखवलं. बंद पडलेल्या पंपघराच्या फरशीखाली तो गज आणि त्याचा शर्ट, शर्टावर तिचं रक्त. माझा लंगडा खटला पळायला लागला.

आणखी एक सांगून ठेवते. फाईल पहिल्यांदा वाचली त्या दिवशी मी लाँड्रीत जाऊन ते प्रेस पाहिलं. मालकानं झाकण खाली करून दाखवलं. माझ्या मनात पहिला विचार आला की याच्यात त्याचं डोकं घालावं आणि झाकणावर मी स्वतः बसावं. विचार आला आणि फार बरं वाटलं. हे अशासाठी लिहिते, की पुढचं वाचून तू मला 'मोठी आली साध्वी' म्हणशील. मी साध्वी नाही. तुझीच बहीण आहे.

परवा कोर्टात बचावाच्या वकिलीणबाईंनी हरकत घेतली. कालची पोर आहे, कोट अजून खांद्यावर बसत नाही. तिचं म्हणणं, गज आणि शर्ट आरोपीला मारून काढले, तेव्हा ते पुराव्यात धरू नयेत. डॉक्टरी तपासात त्याच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. मी मनात म्हटलं, झालं सुरू, प्रत्येक आरोपी हेच गाणं गातो. न्यायाधीशांनी तेवढ्या मुद्द्यापुरती त्याची साक्ष घेतली.

तो सांगायला लागला. साध्या कपड्यातले एक साहेब आले, बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं. टॉवेल ओला करून त्याच्या तळपायांना गुंडाळला. लाकडी पट्टीनं मारलं. मग थंड पाण्याच्या बादलीत उभं केलं. त्याचं धैर्य संपलं आणि त्यानं जागा सांगितली. शेवटी साहेबांनी त्याच्या जिभेवर साखर ठेवली.

कोर्ट हसलं, दादा. शिपाई हसला, टंकलेखक हसली, न्यायाधीशांनी चष्मा पुसायला घेतला. मारहाणीच्या तक्रारी सगळ्यांनी ऐकल्या होत्या, पोलिसानं आरोपीचं तोंड गोड केल्याची कुणी ऐकली नव्हती. त्याच्या वकिलीणबाईंचा चेहरा पडला. मी उलटतपासणीला उभी राहिले ती त्या हसण्याच्या जोरावर. विचारलं, साखर कुठून आली, ठाण्यात चहाची गाडी उभी होती का. पुन्हा हशा.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं म्हणाला, "खिशातल्या पुडीतून. म्हणाले, संपलं. आता रडायचं नाही. विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

मला काही प्रश्न नाहीत, असं म्हणून मी खाली बसले. सगळ्यांना वाटलं, बाईंनी काहीतरी डाव राखून ठेवलाय. माझ्या तोंडात गोड चव आली होती. बाहेर जाऊन मी उलटी केली.

हे वाक्य जगात चार माणसांना ठाऊक होतं. बाबा खेळाचे मास्तर. वळ कसा उठू द्यायचा नाही आणि सूज कशी उतरवायची, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार. आधी आपल्या तळपायांना ओला टॉवेल, मग पट्टी, मग बादली. मग वरच्या फळीवरचा निळा डबा निघायचा, चिमूटभर साखर जिभेवर, आणि ते वाक्य. बाबा गेले. आई घरात होती. मी कोर्टात उभी होते. उरलं कोण, ते मी इथं लिहीत नाही.

मला राग कसला आला सांगू? एकदा मार खायची माझी पाळी होती आणि तू माझ्या पायांवर आपले पाय टाकून आडवा पडलास. आणि मिसरूड फुटल्यावर एक दिवस तू बाबांच्या हातून पट्टी काढून घेतलीस आणि गुडघ्यावर मोडलीस. त्यानंतर आपल्या घरात कुणी कुणाला मारलं नाही. मी वकील झाले ती त्या मोडलेल्या पट्टीमुळे. तुला कधी सांगितलं नाही, उगाच डोक्यावर बसशील म्हणून. मला वाटत होतं, तू ती तिथंच टाकून दिलीस.

मी मोठ्या साहेबांकडे गेले. आमच्या ऑफिसचे प्रमुख, तू भेटला आहेस त्यांना. सगळं ऐकून ते म्हणाले, साखर हा पुरावा नसतो, तुम्हाला घरगुती आठवण झाली, कोर्टाला तिच्याशी काय करायचंय. मग जरा आवाज खाली आणून विचारलं, आपण कुणाच्या बाजूचे, बाई? मी म्हटलं, त्या बाईच्या बाजूची आहेच. पण त्या माणसाला मारलं हे त्याच्या वकिलाला सिद्ध करता येणार नाही, न्यायाधीशांना कळणार नाही, कळलंय ते फक्त मला. मी गप्प बसले तर ते घडलंच नाही असं होईल. ते म्हणाले, तो गुन्हेगार आहे हे तुम्हालाही माहीत आहे. माहीत आहे. तुझ्याइतकंच माहीत आहे. तो निर्दोष असता तर मला इतका त्रास झाला नसता, धावतच गेले असते सांगायला.

तुला आधी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण तू 'नको' म्हणाला असतास आणि मी ऐकलं असतं. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा मी न्यायाधीशांसमोर बोललेली असेन.

वहिनीला नमस्कार सांग. दाराला आतून कडी लावून वाच.

तुझी
ठिणगी

१९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. टेबलाची काच बसवून घेतली. आई बरी आहे. माझ्या मनगटावरचे डाग आता पिवळे पडलेत, म्हणजे उतरणीला लागलेत. तू गेल्यावर तुझा रुमाल खुर्चीखाली सापडला, धुऊन ठेवला आहे.

त्या दिवशी तू बसलाही नाहीस. चप्पल न काढता आत आलास, आणि मला वाटलं तू म्हणशील, हे खोटं आहे. तू तसं म्हणाला असतास तर मी कदाचित तेच खरं धरून चालले असते. तू म्हणालास, "त्या हाताकडे बघून तुला झोप लागते?" मी म्हटलं, नाही लागत. मग तू सांगितलंस ते मला पुरतं ऐकवत नव्हतं. तू त्याला विचारलं होतंस, झाकण ओढलंस तेव्हा ती ओरडत होती का. "तो हसला, ठिणगे. तो माझ्या तोंडावर हसला." आणि टेबलावरचं सगळं तू एका हातानं काचेसकट खाली लोटलंस.

मी समजू शकते, दादा. तुला वाटतं मला समजत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता तेव्हा मी त्याचं डोकं प्रेसमध्ये घातलं, पण मनात. तू घरून पुडी करून निघालास. खिशात साखर घेऊन माणूस रागाच्या भरात जात नाही. एवढं एकच मला तुला विचारायचं होतं, की पुडी बांधताना तुला बाबा आठवले नाहीत का? ते विचारलं आणि तू माझं मनगट धरलंस. हाड मोडेल असं वाटलं. मी तुझ्या तोंडाकडे पाहत होते आणि मला तुझं तोंड दिसत नव्हतं, बाबांचं दिसत होतं.

तेवढ्यात आई आली. आई जे बोलली ते तू पुरतं ऐकलंस की नाही, मला ठाऊक नाही, कारण तू लगेच निघून गेलास. म्हणून लिहून पाठवते. आई म्हणाली, "डबा मीच भरून ठेवायची. साखर संपली असती तर ते थांबले नसते असं वाटायचं मला." एवढं बोलून ती काचा वेचायला खाली बसली. मी उठवलं तर उठेना. आपल्यासमोर ती कधी रडली नव्हती, त्या दिवशीही रडली नाही. काचा वेचत राहिली.

आता दाढेबद्दल. माझी दाढ दुखत नव्हती.

तुला पत्र लिहिलं त्याच दिवशी सकाळी मी प्रेसवालीकडे गेले होते. कोर्टात बोलायच्या आधी तिला माझ्या तोंडून कळावं, एवढं तरी मी तिचं देणं लागते असं मला वाटलं. ती बहिणीकडे राहते, दोन खोल्या आहेत. खिडकीपाशी बसून डाव्या हातानं शर्टाची बटणं लावायचा सराव करत होती. शर्ट खुर्चीच्या पाठीला घातलेला. मी सगळं सांगितलं. गज जाईल, शर्ट जाईल, कदाचित तो सुटेल. मारणारा माझा भाऊ आहे असा मला संशय आहे, हेही सांगितलं.

तिनं एक बटण लावून पूर्ण केलं. मग विचारलं, "तुमच्या भावानं त्याला मारलं ते मला विचारून मारलं का?"

मी म्हटलं, नाही.

"मला त्याच्यासमोर उभं राहून सांगायचं होतं. सगळ्यांनी ऐकलं असतं. आता तिथं मार खाल्लेला माणूस तो आहे. माझा मार कुठं गेला?"

आणि तिनं माझ्या थोबाडीत मारली. उजव्या हातानं. त्या हाताला काही जाणवत नाही, त्यामुळे किती जोरात बसली हे तिला कळलंच नसेल. मी खुर्चीवरून पडले. तिची बहीण धावत आली, मला पाणी द्यायला लागली, माफी मागायला लागली. प्रेसवाली मात्र माझ्याकडे बघत उभी होती, तो हात तसाच वर. मला तिचा राग आला नाही. तुझा आला. ही तुझी थोबाडीत होती, दादा, मी मध्ये सापडले.

आपल्या घरात तू माझ्या वाटचा मार घ्यायचास. आता मी तुझ्या वाटचा घेतला. फिट्टंफाट झाली असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांना सांगितलं. घरातलं सगळं, टॉवेल, बादली, निळा डबा, ते वाक्य. या वेळी कोर्टात कुणी हसलं नाही. तो व्हॅनवाला माझ्याकडे आ वासून बघत होता. त्याच्या वकिलीणबाईंना आनंद व्हायला हवा होता, तर त्यांनी मान खाली घातली. मला खटल्यातून बाजूला केलं, ते योग्यच आहे. आता तो आमच्या ऑफिसातला लंबू चालवणार आहे. हळू बोलतो, पण माणूस सरळ आहे.

चौकशीसाठी तुला बोलावणं येईल. जाताना रागात जाऊ नकोस.

तुझी
ठिणगी

२७ एप्रिल

प्रिय दादा,

नमस्कार. तुला निलंबित केल्याचं वहिनीकडून कळलं. तिनं फोनवर माझ्याशी दोन वाक्यं बोलून रिसीव्हर आपटला, आणि मी तिच्या जागी असते तर एकही बोलले नसते. आईला मी हळूहळू सांगितलं. ती म्हणाली, त्याला जेवण जातं का विचार. तर विचारते, जेवण जातं का?

खटल्याचा निकाल लागला. तुला वर्तमानपत्रात मिळाला असेल, पण त्यात काही नसतं, म्हणून लिहिते.

गज आणि शर्ट पुराव्यातून गेले. न्यायाधीशांनी निर्णय वाचला तेव्हा व्हॅनवाला हसला. तू सांगितलं होतंस तसाच असणार, बारीक, एका ओठानं. मी मागच्या बाकावर बसले होते. माझ्या मुठी आवळल्या गेल्या, नखं तळव्यात रुतली. त्या क्षणी तुझ्याइतकं जवळचं मला कुणी नव्हतं.

मग प्रेसवाली उभी राहिली. ओढणी घरी ठेवून आली होती. लंबूनं तिला आम्ही कधीच न विचारलेली गोष्ट विचारली. म्हणजे साधीच. म्हणाला, प्रेसपाशी तुम्हाला जे ऐकू आलं ते सावकाश, जसंच्या तसं सांगा. गज सापडल्यावर आम्ही तिला विचारायचंच बंद केलं होतं. आमच्या दृष्टीनं खटला त्या गजात होता, ती नुसती हजेरी लावणार होती. तुझ्या मारानं तिचं आणखी काय काय नेलं, याचा विचार करशील तेव्हा हेही धर.

तिनं सांगितलं. प्रेसचं झाकण पडलं की वाफ सुटते आणि कानठळ्या बसतात. म्हणून तिथं काम करणारी माणसं बोलता बोलता थांबतात आणि वाफ संपली की वाक्य पुढे नेतात. बाहेरचा माणूस वाफेवर ओरडत राहतो, घरचा थांबतो. त्या संध्याकाळी तो म्हणाला, 'आता लिही तक्रार,' आणि थांबला. वाफ सुटली. तिचा हात आत होता, ती किंचाळत होती, तिला स्वतःचं किंचाळणं ऐकू येत नव्हतं. वाफ संपली. मग तो शांतपणे म्हणाला, 'याच हातानं लिही.'

लाँड्रीत काम केलेले पुरुष दोनच. मालक त्या वेळी हॉस्पिटलच्या ऑफिसात चारचौघांत बसला होता. दुसरा समोर पिंजऱ्यात होता, आणि आता हसत नव्हता.

त्याच्या वकिलीणबाईंनी उलटतपासणी चांगली घेतली. कडक, पण घाण नाही. एका प्रश्नाशी सगळं कोर्ट थांबलं. डोक्यात गज घातला तेव्हा मागे कोण होतं, पाहिलं का? आवाज ऐकला का? प्रेसवालीनं इकडेतिकडे पाहिलं. मला वाटलं ती मला शोधतेय, म्हणून मी मान खाली घातली. माझ्या चेहऱ्यावरून तिनं काही ठरवू नये. ती 'हो' म्हणाली असती तर खोडून काढणारं कुणी नव्हतं. आपल्यातल्या कुणी त्या खोट्याबद्दल तिला दोष दिलाही नसता. तिला ते उत्तर किती हवं होतं, हे मला तिच्या उभं राहण्यावरून दिसत होतं.

ती म्हणाली, "नाही. डोक्यात कुणी घातलं ते मला माहीत नाही."

हात भाजल्याबद्दल तो दोषी ठरला. डोक्यातल्या घावाबद्दल सुटला. दुसरं कुणी असू शकेल ही शंका उरली, आणि शंकेचा फायदा त्याचा. जिवे मारायच्या प्रयत्नाचं कलम गेलं, शिक्षा निम्म्यावर आली. तिला अजून चक्कर येते, उजव्या डोळ्यानं धूसर दिसतं, आणि ते सगळं आता कायद्याच्या लेखी कुणीच केलेलं नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात ती मला आडवी आली. मला वाटलं, आता पुन्हा बसणार. मी चष्मा काढून हातात घेतला, खरंच घेतला. तिनं पाहिलं आणि किंचित हसली. मग म्हणाली, "हाताचा निकाल लागला. डोक्याचा तुमच्या घरात राहिला." आणि बहिणीचा हात धरून जिना उतरली.

हेच मला तुला सांगायचं होतं. ते मी तिच्याच शब्दांत लिहिलं, माझ्याकडे दुसरे नाहीत. मी खरं बोलले म्हणून तिचं अर्धं गेलं, असं ऑफिसात लोक कुजबुजतात. मोठे साहेब माझ्याशी कामापुरतं बोलतात. मी रोज स्वतःला विचारते आणि रोज उत्तर बदलतं. पण एक बदलत नाही: ते अर्धं मी न्यायाधीशांसमोर गमावलं नाही. ते तू त्या खोलीत, दार लावून, कुणालाही न विचारता खर्च करून टाकलं होतंस. ते तिचं होतं, दादा.

आता तुझं. पुढच्या महिन्यात तुझ्यावरचा खटला उभा राहतोय आणि त्यात मला साक्षीला बोलावलं आहे. मी जाणार आहे. टॉवेल, बादली, डबा, वाक्य, सगळं सांगेन. आणि तू माझ्या पायांवर पाय टाकून आडवा पडलास तेही सांगेन, विचारलं नाही तरी. न्यायाधीश थांबवतील तिथं थांबेन.

तू चांगला वकील घे. त्या वकिलीणबाईंना मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, मला घेता येणार नाही, तुमच्या भावानं ज्याला मारलं त्याची मी वकील होते, आणि तुम्ही सरकारी वकील असून हे विचारता कसं? चांगल्याच रागावल्या. मग त्यांच्या गुरूंचा पत्ता दिला, तो मागच्या बाजूला लिहिला आहे. म्हातारे आहेत, ऐकायला कमी येतं, पण उलटतपासणीत भल्याभल्यांना घाम फोडतात. मलाही फोडू दे. मला सोडू नका असं त्यांना सांग. माझ्या आठवणीत चूक असेल तर ती त्यांनी काढलीच पाहिजे.

तुला काही बोलायचं नसेल तर बोलू नकोस. तो तुझा हक्क आहे आणि तो तुझ्याकडून कुणी हिसकावून घ्यायचा नाही, मीही नाही. हे गप्प बसणं वेगळं, ते बाबांचं नाही. यात तोंड कधी उघडायचं ते तू ठरवायचं.

आईनं निळा डबा घासून उन्हात ठेवलाय. त्यात काय भरायचं ते अजून तिचं ठरत नाही.

आणि शेवटचं. तुला कोठडीत ठेवतील तेव्हा तुझ्या ओळखीचे असतील, तुझ्यावर खार खाऊन असलेलेही असतील. कुणी तुझ्या अंगाला बोट लावलं, तळपाय भिजवले, नुसता आवाज चढवला तरी सगळ्यात आधी मला कळव. मी येईन. मारणारा कोण आहे आणि त्याच्या मनात तुझ्याबद्दल किती खरा राग आहे, ते मी बघणार नाही.

तुझ्याविरुद्ध साक्ष देणारी,
तुझीच
ठिणगी